नाकातलं वजन

बोरस्ते साहेब दुकानात आले तेव्हा
मी साडेसातच्या मोटारीचं पोट उघडून बसलो होतो.
आडगावच्या विहिरीवरची, जळालेली.
वार्निशचा वास सातपूरच्या नाक्यापर्यंत.
त्यांनी काउंटरवर चादरीतलं काहीतरी ठेवलं,
लेकरू दवाखान्यात आणावं तसं,
आणि म्हणाले, "मन्सूर, याला विजेवर घ्यायचंय."

चादरीत विमान.
पाच फुटी पंख, बाल्साचं लाकूड,
नाकात ग्लो इंजिन, एरंडेलानं काळं पडलेलं.
एकोणतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
त्यांनी खऱ्या विमानांचे रिव्हेट तपासले,
आणि हे एक घरी केलं,
रविवारला रविवार चिकटवून.

"इंजिन तर चांगलंय," मी म्हटलं.
"इंजिन चांगलंय. कान गेलेत.
वर बंद पडलं तर कळत नाही आता.
खाली यायला लागलं की कळतं."

मी आयुष्यात विमान उडवलेलं नाही.
पण तीन वायरी म्हणजे तीन वायरी.
मुठीत मावणारी मोटर,
आतलं वाइंडिंग जागेवर, बाहेरचं डबडं फिरतं,
आमच्या पंपांच्या बरोब्बर उलट;
तरी उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरी बदला,
हा कायदा तिलाही लागू.
मला हसू आलं.
भावकीतलीच निघाली.

लाकडात मुरलेलं तेल मात्र निघेना.
मक्याचं पीठ पसरायचं, वरून इस्त्री,
पीठ पिवळं पडलं की झटकायचं, पुन्हा पसरायचं.
आठ दिवस.
नसीम म्हणाली, भाकरी थापून टाका एकदाची.

मग तोल.
पंखाखाली दोन बोटं, पुढच्या कडेपासून तीन इंच,
आणि शेपूट धप्पकन खाली.
बॅटरी पुढं सरकेना, मधे आडवी फळी,
ती कापली असती तर नाकच हातात आलं असतं.
"शिसं घालू," मी म्हटलं, "टायरवाल्याकडून आणतो."

साहेब बोलले नाहीत.
खिशातून रुमाल काढला.
रुमालात जुन्या इंजिनाचा शाफ्ट आणि डोकं,
रॉकेलमध्ये घासून चकचकीत.
काट्यावर ठेवलं. हवं त्याहून अकरा ग्रॅम जास्त.
"असू दे," म्हणाले,
"नाक जड असलं की हट्टी होतं, पण ऐकतं."
मी दोन्ही फोममध्ये बसवले, वर पट्टी मारली.
ज्याने ओढायचं त्याने आता
नुसतं असायचं.

एप्रिल. द्राक्षांची खरडछाटणी उरकत आलेली,
गंगापूर धरणाचं पाणी हटून
गाळाचा एक पट्टा उघडा, भेगाळ, पण सपाट.
जुन्या सवयीनं साहेबांचं बोट पंख्याकडे गेलं.
मी मनगट धरलं.
ही बोटानं सुरू होत नाही, साहेब.
ही बोट घेऊन सुरू होते.

उडालं.
शिलाई मशीन दूर कुठंतरी, तेवढाच आवाज.
धूर नाही, हातांना चिकटा नाही.
साहेब आभाळात बघत, मला विचारत,
"चालू आहे ना?"
मी अंगठा वर.
वळणावर पुन्हा, "आहे ना?"
अंगठा.
पाच मिनिटं मी त्यांचा कान होतो
आणि माझी मान आखडली.

मग त्यांनी काठी मुद्दाम शून्यावर आणली.
मला ऐकू आलं ते थांबणं; त्यांना नाही.
मी अंगठा खाली केला, घाबरून,
तर म्हाताऱ्यानं मान डोलावली, माहीत आहे म्हणून.
इतकी वर्षं शांतता म्हणजे पळत सुटायची गोष्ट होती.
विमान त्या शांततेवर आरामात बसून
एक चक्कर मारून आलं,
गाळावर टेकलं, थोडं घसरलं,
एक चाक भेगेत.

मी झाकण उघडून हात लावला.
मोटर कोमट.
शाफ्ट गार.

तेवढ्यात फोन. मखमलाबादचे गायधनी, तापलेले.
छाटणी झाली, पाणी द्यायचंय, मोटर झाली का?
झाली, म्हटलं.
कुठली ते सांगितलं नाही.